पट्ट्याची हाकाटी

कोल्हापूरच्या पावसाळ्यात, इंजिनच्या पुढच्या अंगाचे पट्टे सैल झालेली गाडी ज्याच्या दारात उभी असते, त्याची कामावर निघण्याची वेळ सगळ्या पेठेला ठाऊक होते. दमट हवेत पट्टा पुलीवरून घसरू लागला की असा किंचाळतो की तालमीतून परतणारी पोरेही थबकून सल्ला देतात. एकाने साबण घासायला सांगितले, दुसऱ्याने टाल्कम पावडर सुचवली. आयुष्यभर लुनाच चालवलेल्या शेजारच्या काकांनी मात्र बॉनेटमध्ये डोके घालून, "भेगा नाहीत, म्हणजे पट्टा ठणठणीत; बेअरिंग गेलंय" असा निकाल दिला. बेअरिंगही आवाज करू शकत असल्यामुळे काकांना उडवून लावण्याचीही सोय नव्हती.

शेवटी शिवाजी उद्यमनगरातले मिस्त्री गाठले. त्यांनी चालू इंजिनच्या पट्ट्यावर लांबूनच पाण्याचे शिंतोडे उडवले. आवाज क्षणभर बंद झाला तर पुल्या एका रेषेत नाहीत आणि वाढला तर ताण कमी, असा त्यांचा हिशेब होता. आवाज इतका वाढला की शेजारच्या लेथवरचा कामगार बाहेर आला. मग इंजिन बंद करून मिस्त्रींनी पट्टा उलटा पिळला आणि आतल्या खाचांतून नख फिरवले.

"भेगा कसल्या बघताय साहेब? ह्या नव्या रबराला भेगा लवकर पडत न्हाईत, दात झिजत्यात."

कडेचे दोरे सुटले होते आणि खाचांच्या तळाशी रबर आरशासारखे चकाकत होते. हाच पट्टा बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप फिरवतो. म्हणजे गगनबावड्याच्या घाटात तो तुटला असता, तर बॅटरीचा तांबडा दिवा लागून थोड्याच वेळात इंजिनही तापले असते. दुर्दैवाने तो आतल्या बाजूला होता. त्याच्यापुढचा एसी आणि पॉवर स्टिअरिंगचा पट्टा आधी काढणे भाग असल्यामुळे, "एवढं खोललंयच तर" या सनातन न्यायाने तोही नवा घ्यावा लागला. या न्यायापुढे आजवर कोणत्याही गाडीमालकाचे काही चाललेले नाही.

खरी परीक्षा ताण देताना होती. अल्टरनेटर टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, रेटून धरण्याचे काम माझ्याकडे आले आणि मिस्त्री बोल्ट आवळत राहिले. ताण कमी पडला तर पट्टा पुन्हा ओरडतो, जास्त झाला तर अल्टरनेटरचे आणि पंपाचे बेअरिंग खातो. दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर पट्टा साधारण 10 मिलिमीटर खचावा, असे गाडीच्या पुस्तकात होते. मी खिशातून मोजपट्टी काढताच मिस्त्रींनी आपला काळाकुट्ट अंगठा माझ्यासमोर धरला. मी मोजपट्टी निमूटपणे खिशात घातली.

"नवा पट्टा थोडा बसतो," पैसे मोजून घेत ते म्हणाले. "पाचेकशे किलोमीटर झालं की ताण बघायला या. आणि तवर त्या काकांना बॉनेट उघडू देऊ नका."