‘पॅलेस्टाईन नावाचा देश कधी नव्हताच’ या फॉरवर्डला माझं उत्तर

गेले काही महिने एक मेसेज सगळीकडे फिरतोय, नातेवाइकांच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर. परवा काकांनी तो मला वेगळा पाठवला आणि खाली लिहिलं, उत्तर असेल तर दे. तर काका, हे घ्या. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: पॅलेस्टाईन नावाचा देश कधी नव्हताच, मग इस्रायलने घेतलं कोणाचं, १९४७ ला त्यांना जमीन मिळत होती, ती त्यांनी नाकारली, विषय संपला, २००५ ला इस्रायल गाझा सोडून निघून गेला, यूनो किंवा आंतरराष्ट्रीय कोर्ट बोलतं तो नुसता सल्ला, आणि शेवटी, भारताचा याच्याशी काय संबंध.

पहिल्या मुद्द्यावर बाकीचं सगळं उभं आहे म्हणून त्यावर जास्त लिहितो. ‘देश होता का’ हा प्रश्नच मुळात चुकीच्या जागी विचारलाय. स्वयंनिर्णयाचा हक्क, म्हणजे आपलं राज्य कसं असावं हे स्वतः ठरवायचा हक्क, देशाला नसतो, लोकांना असतो. १४ डिसेंबर १९६० चा यूनोच्या आमसभेचा ठराव १५१४ काढून बघा, त्यात सर्व लोकसमूहांना हा हक्क आहे असं लिहिलंय, ज्यांचं राज्य आधी होतं त्यांनाच मिळेल असं कुठेही नाही, आणि नसणारच, कारण तो ठराव ज्यांच्यासाठी होता त्या आफ्रिका-आशियातल्या बहुतेकांचं आजच्या नकाशातलं राज्य तेव्हा नव्हतंच. १९६६ च्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारात पहिलं कलम हेच आहे आणि तो करार इस्रायलने स्वतः १९९१ ला मान्य केलाय.

हे आपल्याला तरी कोणी समजावून सांगायची गरज पडू नये. १९३१ ला चर्चिल म्हणाला होता की इंडिया हा फक्त भौगोलिक शब्द आहे. आणि गोव्याचं आठवा. पोर्तुगाल यूनोत सांगायचा की गोवा ही वसाहत नाहीच, तो आमचा प्रांत आहे, आणि हाच फॉरवर्डवाला तर्क लावला तर १५१० ला भारत नावाचं आजचं राज्य होतं कुठे? पण वरच्या ठरावाच्या दुसऱ्याच दिवशी, १५ डिसेंबर १९६० ला, आमसभेने ठराव १५४२ मध्ये पोर्तुगालच्या ताब्यातल्या, स्वतःचं राज्य स्वतः चालवत नसलेल्या प्रदेशांची यादीच दिली आणि त्यात गोवा होता. ज्या तर्काने गोवा पोर्तुगालचा ठरला असता तोच तर्क आपण आज दुसऱ्यांच्या विरोधात फॉरवर्ड करतोय, हे मला खरंच लागतं.

आता इतिहास. १९१७-१८ पर्यंत तिथे तुर्कांची सत्ता होती, नंतर ब्रिटिश आले. राष्ट्रसंघाच्या (यूनोच्या आधीची जागतिक संघटना) करारातल्या २२ व्या कलमात लिहिलंय की तुर्की साम्राज्यातल्या काही समाजांना स्वतंत्र राष्ट्र म्हणून तात्पुरती मान्यता देता येईल इतकी त्यांची प्रगती झालीय, म्हणजे ब्रिटिश तिथे मालक नव्हते, विश्वस्त होते. (त्याच मँडेटमध्ये, म्हणजे राष्ट्रसंघाने ब्रिटिशांना दिलेल्या कारभाराच्या अधिकारपत्रात, ज्यूंच्या राष्ट्रीय घराचं वचनही होतं, ते लपवायचं काही कारण नाही, भांडणाची मुळं तिथेच आहेत.) १९२२ च्या जनगणनेत साधारण साडेसात लाख लोक होते आणि त्यात ज्यू ११ टक्क्यांच्या आसपास. १९२५ ला पॅलेस्टाईनच्या नागरिकत्वाचा कायदा झाला, पासपोर्ट होते, चलन होतं. माझ्या एका मित्राच्या मामांना जुन्या नाण्यांचा नाद आहे, त्यांनी एकदा माझ्या तळहातावर एक नाणं ठेवलं, दहा मिल्सचं, मधोमध भोक, अगदी आपल्या भोकाच्या पैशासारखं. त्यावर पॅलेस्टाईन हे नाव तीन लिपींत होतं, इंग्रजी, अरबी आणि हिब्रू. मामांना राजकारणात काडीचा रस नाही, ते नाण्याची झीज दाखवत होते, मी मात्र ते नावच बघत बसलो.

आणि ‘देश नव्हता म्हणून ताबाही नाही’ हा युक्तिवाद इस्रायलच्या आतसुद्धा टिकलेला नाही. सप्टेंबर १९६७ मध्ये, ज्या युद्धात इस्रायलने वेस्ट बँक (जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा भाग), पूर्व जेरुसलेम आणि गाझा ताब्यात घेतलं ते संपून तीन महिने झाले होते, तेव्हा इस्रायलच्याच परराष्ट्र खात्याचे कायदा सल्लागार थिओडोर मेरोन यांनी सरकारला लेखी कळवलं होतं की ताब्यातल्या भागात आपले नागरिक नेऊन वसवणं हे चौथ्या जिनिव्हा कराराच्या (युद्धात आणि ताब्यात सापडलेल्या नागरिकांच्या संरक्षणाचा करार) विरुद्ध आहे. २००४ मध्ये इस्रायलच्या सुप्रीम कोर्टाने बेत सुरिक गावाच्या निकालात वेस्ट बँक इस्रायलकडे युद्धातून आलेल्या लष्करी ताब्याखाली आहे हेच धरून पुढचा निकाल दिला. इस्रायलचं कोर्ट जे मान्य करतं ते आपल्या ग्रुपवर मान्य नाही.

दुसरा मुद्दा, १९४७. २९ नोव्हेंबर १९४७ ला फाळणीचा ठराव १८१ आला, ३३ बाजूने, १३ विरोधात, १० तटस्थ. विरोधात मत देणाऱ्यांत भारत होता, ज्याला फाळणी म्हणजे काय हे तेव्हा तीन महिन्यांपासून रोज दिसत होतं. लोकसंख्येत ज्यू साधारण एक तृतीयांश होते आणि त्या आराखड्यात त्यांच्या राज्याला निम्म्याहून जास्त, ५५ टक्क्यांच्या आसपास जमीन जात होती. कोणी ते नाकारलं तर त्याला वेडा म्हणायचं का, हे ज्याने त्याने ठरवावं. पण समजा चूक झाली, मोठी चूक झाली, तरी नेत्यांच्या एका नकाराने पुढच्या सगळ्या पिढ्यांचा हक्क संपतो असं कायद्यात कुठे आहे? आणि गंभीर गोष्ट अशी, की हाच मेसेज दोन ओळींनी खाली म्हणतो की यूनोचं बोलणं बंधनकारक नसतं. मग १८१ हाही आमसभेचाच ठराव आहे, तो तेवढा दगडावरची रेघ कसा?

आणि नाकारलं, नाकारलं म्हणताना पुढचं कोणी सांगत नाही. १९८८ ला अल्जिअर्सला पीएलओने (पॅलेस्टिनी मुक्ती संघटना) इस्रायल आणि पॅलेस्टाईन अशा दोन राज्यांची वाट मान्य केली, ९ सप्टेंबर १९९३ ला तिचे अध्यक्ष अराफात यांनी पत्र लिहून इस्रायलचा शांततेत आणि सुरक्षित राहायचा हक्क मान्य केला. इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांच्या उत्तरात पीएलओ ही पॅलेस्टिनी लोकांची प्रतिनिधी आहे एवढंच होतं, त्यांच्या राज्याचा शब्द नव्हता. तेव्हा पूर्व जेरुसलेम सोडून वेस्ट बँकेत लाखभराच्या थोडे वर इस्रायली वसाहतवाले होते, आज पाच लाखांच्या आसपास आहेत, पूर्व जेरुसलेममध्ये आणखी दोन लाखांच्या वर. बोलणी चालू असताना वाटणीची जमीनच बांधून काढली जात होती.

गाझा. २००५ ला इस्रायलने तिथल्या आपल्या २१ वसाहती उठवल्या, सैनिक बाहेर गेले, हे खरं आहे. पण आकाश, समुद्र, माल जायची नाकी आणि लोकांची नोंदवही सुद्धा इस्रायलच्या हातात राहिली, म्हणजे गाझात जन्मलेल्या पोराचं ओळखपत्र इस्रायलच्या मान्यतेशिवाय पुढे सरकत नव्हतं. घरमालक खोलीतून बाहेर जाऊन दाराला कुलूप लावून बसला तर खोली मोकळी झाली असं कोणी म्हणत नाही.

इथे कोणीतरी हमास (गाझातली सशस्त्र पॅलेस्टिनी संघटना) म्हणणारच, म्हणून सरळ लिहितो. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात इस्रायलात साधारण बाराशे माणसं मारली गेली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली, नागरिकांवरचा हल्ला हा गुन्हाच आहे, ताब्याविरुद्धची लढाई आहे म्हणून त्याला सूट मिळत नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने २१ नोव्हेंबर २०२४ ला इस्रायलचे तेव्हाचे पंतप्रधान नेतान्याहू आणि माजी संरक्षणमंत्री गॅलंट यांच्यासोबत हमासचा लष्करी प्रमुख मोहम्मद देइफ याच्यावरही वॉरंट काढलं होतं. रायगडातले बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, आपलेच, कितीतरी पिढ्या मराठी बोलत आले, त्यांचे नातेवाईक आज इस्रायलात राहतात आणि त्यांनी रात्री निर्धास्त झोपावं असं मलाही वाटतं. फक्त एका संघटनेचा गुन्हा म्हणून लाखो लोकांचा हक्क रद्द, हे होत नाही.

आता ‘नुसता सल्ला’. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं (यूनोचं कोर्ट, वरच्या फौजदारी न्यायालयाहून वेगळं) सल्लागार मत हे दोन देशांमधल्या खटल्याच्या निकालासारखं बंधनकारक नसतं, बरोबर. पण कोर्ट त्यात जो कायदा सांगतं तो कायदा आधीपासून सगळ्यांवर बंधनकारक असतोच, जिनिव्हा करार काय सल्ला आहे का? इस्रायलने वेस्ट बँकेत बांधलेल्या भिंतीवरच्या २००४ च्या मतात कोर्टाने तिथल्या कल्किल्या शहराचा दाखला दिलाय, ४० हजार वस्ती, चहूबाजूंनी भिंत, आत-बाहेर करायला एकच लष्करी नाकं आणि तेही सकाळी ७ ते संध्याकाळी ७. साडेसात वाजता कोणाच्या पोटात दुखायला लागलं तर काय करायचं, मी ते वाचताना एवढाच विचार करत होतो. मग १९ जुलै २०२४ ला कोर्टाने ११ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की ताब्यातल्या प्रदेशात इस्रायलचं राहणंच बेकायदा आहे आणि ते लवकरात लवकर संपलं पाहिजे. त्या ११ जणांत आपले न्यायमूर्ती दलवीर भंडारी होते, जे एकेकाळी मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती होते. दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यातल्या नामिबियाबद्दल १९७१ ला असंच मत आलं होतं, दक्षिण आफ्रिकेने ते जुमानलं नाही, १९९० ला नामिबिया स्वतंत्र झाला. १९ वर्षं लागली, पण त्या काळात जगभरच्या वकिलांच्या, सरकारांच्या हातात तो कागद होता.

राहिला भारताचा संबंध. कोर्टाने २०२४ ला हेही सांगितलं की ही परिस्थिती कायदेशीर म्हणून मान्य न करणं आणि ती टिकवायला मदत न करणं हे सगळ्याच देशांचं कर्तव्य आहे, म्हणजे आपलंही. आपण १९७४ ला पीएलओला मान्यता दिली, नोव्हेंबर १९८८ ला पॅलेस्टाईनला राज्य म्हणून मान्यता दिली, ब्रिटन-कॅनडा-ऑस्ट्रेलियाला तिथे पोचायला सप्टेंबर २०२५ उजाडला. आणि त्याच आपण, १८ सप्टेंबर २०२४ ला, कोर्टाच्या मतावर आमसभेत १२४ देश बाजूने उभे राहिले तेव्हा तटस्थ राहिलो. मला त्या दिवशी वाईट वाटलं आणि अजून वाटतं. वर्षभराने १२ सप्टेंबर २०२५ ला दोन राज्यांच्या न्यूयॉर्क घोषणापत्राला भारताने बाजूने मत दिलं, तेही लिहायला हवं.

काका, हे मी ग्रुपवर त्या मेसेजच्या खालीच टाकतोय. यातली कुठली तारीख किंवा कुठलं मतदान चुकलंय असं वाटलं तर तिथेच सांगा, रविवारी घरी येतोय, सोबत बसून बघू.