वर्षं कुणाची वाया जातात?

माझ्या भाचीला पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, प्रवेश मिळाला आणि अभिनंदनाआधी हिशेब सुरू झाले. 7 वर्षांचं शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे डॉक्टर झाल्यावर सैन्यात ठरावीक मुदतीची नोकरी, मग एमडी कधी, लग्न कधी, मध्येच सोडलं तर बाँडचे पैसे कोण भरणार? तिच्या थोरल्या काकांनी तर फोनवर निकालच दिला : पोरीची उमेदीची वर्षं वाया जाणार.

या हिशेबाचा मला संताप येतो. मी सिंगापूरला राहते. इथं अठराव्या वर्षी मुलगा सक्तीच्या लष्करी सेवेसाठी टेकाँग बेटावरच्या छावणीत जातो, त्यावर घरात चर्चा होत नाही. पीआरच्या, म्हणजे नागरिक नसलेल्या कायम रहिवाशांच्या, मुलांनाही सुटका नाही, माझाही गेला. मेडिकलची जागा हातात असताना आधी बीएमटी हे प्राथमिक लष्करी प्रशिक्षण, मग कॉलेज, आणि डॉक्टर झाल्यावर उरलेली सर्व्हिस मेडिकल ऑफिसर म्हणून. वर्गातल्या मुली तोवर पुढे गेल्या. त्याला ते खुपलंच. पण आपल्याला किती द्यायचंय हे त्याला आधीपासून माहीत होतं. बुक-आऊट झाला, म्हणजे छावणीतून सुट्टीवर बाहेर पडला, की वेळ त्याचा. सुटलेला तबला त्यानं त्याच काळात पुन्हा धरला. रिझर्व्हिस्ट, म्हणजे राखीव सैनिक म्हणून बोलावणं, अजून आहेच, वर्षाला 40 दिवसांपर्यंत.

आणि आपल्याकडे? मी महाराष्ट्रातल्या एका सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टर होते. सलग ड्यूटी साधारणपणे 12 तासांहून जास्त नसावी, असं 1992 च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत लिहिलेलं आहे. आम्ही 36 तास उभ्या असायचो. सख्ख्या बहिणीच्या साखरपुड्याला मी नव्हते. वाचन सुटलं, मैत्रिणी सुटल्या. तेव्हा माझी वर्षं वाया चालली आहेत असं घरातलं कुणीही म्हणालं नाही. पांढऱ्या कोटात आयुष्य झिजलं तर ती तपश्चर्या, आणि वर्दीत 7 वर्षं दिली तर नुकसान? सैन्यातल्या अधिकाऱ्याला वर्षाला 60 दिवस वार्षिक आणि 20 दिवस किरकोळ रजा असते. पोस्टिंग दूरची असते, रजा ऐनवेळी रद्दही होते, मान्य. पण एवढी रजा कुठल्या निवासी डॉक्टरच्या नशिबी असते?

लग्नाचं म्हणाल, तर माधुरी कानिटकर एएफएमसीच्याच. बालमूत्रपिंडविकारांच्या तज्ज्ञ, लेफ्टनंट जनरल. पती राजीव कानिटकर तेही लेफ्टनंट जनरल. निवृत्तीनंतर त्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. वाद घालायचाच असेल, तर एएफएमसीत मुलांना 115 जागा आणि मुलींना 30 का, यावर घाला. सिंगापूरनंही मेडिकलला मुलींवर एक तृतीयांशाची मर्यादा ठेवली होती, ती 2003 मध्ये काढली.

यावर काका म्हणाले, ‘ताई, तुमचा मुलगा परक्यांच्या सैन्यात, तुम्ही आम्हाला काय सांगता?’

मी त्यांना कोटणीस सांगितले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये पुढचं शिक्षण बाजूला ठेवून चीनला गेले, जपानशी लढणाऱ्या तिथल्या आठव्या मार्ग सेनेसाठी राबले, तिथंच लग्न केलं, मुलगा झाला, आणि 32 व्या वर्षी तिथंच वारले. त्यांचा आपल्याला अभिमान वाटतो ना?

ठणकावून बोलले खरी, पण ते वाक्य लागलं. टेकाँगला पहिल्या दिवशी मुलं एका सुरात शपथ घेत होती, तेव्हा बाकीच्या आया फोटो काढत होत्या आणि मला हात वर करवेना. आता त्याचा पासपोर्ट सिंगापूरचा, लाल आहे, माझा भारताचा, निळाच. सरकारी फीमध्ये शिकून मी देश सोडला. भाची जी वर्षं द्यायला निघाली आहे ती मी कुणालाच दिली नाहीत. माझ्या मुलानं दिली, दुसऱ्या देशाला. तिची बाजू मी इतक्या तावातावानं मांडते त्यात हेही असणार. तरीही मांडणार. पुढच्या सुट्टीत पुण्याला येतेय, तेव्हा काकांशी समोरासमोर बोलेन.