‘नामांकित कॉलेजचा काहीच उपयोग नाही’ या मेसेजबद्दल खुलासा

‘नामांकित कॉलेजमुळे आयुष्यात काहीच फरक पडत नाही, अमेरिकेत सिद्ध झालंय’ असा मेसेज फिरतोय. मीही तो पुढे पाठवला होता. त्यामागचा मूळ शोधनिबंध वाचल्यावर कळलं, मेसेज अर्धवट आहे.

स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या अमेरिकी संशोधकांचा हा २००२ मधला अभ्यास. १९७६ मध्ये कॉलेजात गेलेल्यांची पुढची कमाई त्यांनी तपासली. सारख्याच कॉलेजांत प्रवेश मिळूनही जे कमी नावाजलेल्या ठिकाणी गेले, त्यांची कमाई सरासरी जवळपास नावाजलेल्या ठिकाणी गेलेल्यांएवढीच निघाली. पण गरीब घरच्या मुलांना नावाजलेल्या कॉलेजचा फायदा झालेला दिसला. नेमकं हेच मेसेजमधून गळलंय, आणि अशाच एखाद्या मुलीला आपण तो दाखवून ‘कशाला हट्ट धरतेस?’ म्हणतो.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर हा खुलासा त्याच ग्रुपवर टाका.