उघडल्या उघडल्या आवाज आला पाहिजे

बाहा म्हणजे कॉलेजच्या पोरांनी खडबडीत रस्त्यावरची गाडी स्वतः बनवून पळवायची स्पर्धा. आमच्या कॉलेजच्या बाहा टीममध्ये कॉम्प्युटरचा मी एकटाच. बाकी सगळी मेकॅनिकलची जनता. त्यामुळे प्रिंटर अडला तरी मी आणि स्पॉन्सर गाठायला वेबसाइट हवी तरी मीच. कॅप्टनने फर्मान सोडलं, "भावा, एकदम युजर-फ्रेंडली पाहिजे. आणि उघडल्या उघडल्या इंजिनचा आवाज आला पाहिजे."

इंजिन १० हॉर्सपॉवरचं, एका सिलिंडरचं. स्पर्धेत सगळ्यांना तेच. त्याचा आवाज थेट विहिरीवरच्या पंपासारखा, पण हे कॅप्टनच्या तोंडावर कोण बोलणार? माणसाने कुठेतरी टिचकी मारल्याशिवाय ब्राउझर आवाज वाजू देत नाही, एवढंच सांगितलं. "मग मारायला लाव की!" झालं. दारातच ‘स्टार्ट’चं बटण बसलं.

पीआरवालीला काळ्यावर गडद लाल अक्षरं हवी होती. नीट वाचता यावं म्हणून अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणात किमान ४.५ : १ फरक असावा असा नियम आहे, म्हटलं. "आणि एस्थेटिकचं काय?" तिने विचारलं. या प्रश्नाला नियमात उत्तर नाही. सस्पेन्शनवाल्याला स्क्रीनवर चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, गोल फिरायला हवी होती. सरांना काहीच नको होतं. फक्त सर्वांत वर संस्थापक, त्यांच्याखाली प्राचार्य, त्यांच्याखाली विभागप्रमुख. मोबाइलवर गाडी दिसेपर्यंत अंगठा दुखायचा.

त्यात साइट सर्व्हरवर चढवली आणि लोगोच गायब. फाइलचं नाव ‘लोगो’, पण कोणीतरी पहिलं अक्षर कॅपिटल केलेलं. विंडोजला चालतं, लिनक्सच्या सर्व्हरला नाही. सोवळं फार त्याचं.

वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात यातला जाणकार याकोब नील्सन, त्याने २००० साली लिहून ठेवलंय की पाच माणसांना वापरायला दिलं तरी बहुतेक घोळ बाहेर पडतात. मी वर्कशॉपच्या मामांपासून सुरुवात केली आणि बाकी चौघांची गरजच पडली नाही. मामांनी हात पुसले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि ‘स्टार्ट’ दाबलं. पंप सुरू झाला. मामा दचकून लेथकडे बघायला लागले.

"बरं, आता समजा मला तुम्हाला पैसे द्यायचेत. फोन कुठं लावू?" मामांनी विचारलं.

नंबर मेनूत होता. मेनू कोपऱ्यातल्या तीन रेघांत होता. मामांनी अंगठ्याने त्या रेघा पुसायचा प्रयत्न केला. "स्क्रीनला चरे पडलेत रे तुझ्या."

त्याच रात्री कॅप्टनचा नंबर ठळक अक्षरांत वर आणला. सरांनी मंजुरी दिली, संस्थापकांच्या फोटोखाली ठेवायच्या अटीवर.

दुसऱ्याच दिवशी फोन आला. कॅप्टनने स्पीकरवर टाकला, आम्ही सगळे श्वास रोखून.

"हॅलो, कॉलेज ना? मॅनेजमेंट कोट्याचा रेट काय चाललाय?"

कॅप्टन कच्च्या गुरूचा चेला नाही. "काका, ॲडमिशनचं ऑफिसात विचारा. पण तुमचा धंदा काय?"

काकांचा मसाल्याचा धंदा निघाला. आता गाडीच्या दोन्ही बाजूंना कांदा-लसूण मसाल्याचं स्टिकर आहे. गडद लाल, काळ्यावर.