‘परदेशी पाल्याला मूळ नाही, मग धोका कसला?’

लग्नसराई आली की नाशिकच्या डेकोरेटर मंडळींत एक मजकूर फिरू लागतो: “सजावटीसाठी परदेशातून आलेला पाला बिनधास्त वापरा. मूळ नाही, माती नाही, थंडीत किडे मरतात, वर कीड-रोग नसल्याचं सर्टिफिकेट आहे. दोन दिवसांत वाळून कचऱ्यातच जातो.”

मूळ नाही? ड्रॅसिना या शोभेच्या झाडाची काडी पाण्याच्या बादलीत उभी ठेवा, डोळ्यांतून मुळं फुटतात. शिवाय कीड यायला मूळ लागतच नाही. फुलकिड्याची (थ्रिप्सची) मादी पान चिरून अंडं आत घालते. वरून फवारा किंवा धुवा, ते सुरक्षित राहतं. १९९० च्या सुमारास कॅलिफोर्नियात शिरलेला ग्लासी-विंग्ड शार्पशूटर हा तुडतुडा तर पानाच्या खालच्या सालीखाली ओळीने अंडी घालतो. वरवर पाहता नुसता हिरवट फोड दिसतो. हाच तुडतुडा द्राक्षात पिअर्स रोग पसरवतो आणि वेल वाळते. द्राक्षाच्या जिल्ह्याने हे हलक्यात घेऊ नये.

थंडीत किडे मरतात, हेही चूक. २ ते ५ अंशांत पाला टिकतो, तसे किडेही काही दिवस टिकतात. फक्त सुस्तावतात, मांडवातल्या उबेत चालायला लागतात.

सर्टिफिकेट हवंच. पण तपासणी नमुन्याची होते, प्रत्येक काडीची नाही.

सगळ्यात घातक ते शेवटचं वाक्य. पान वाळतं तेव्हा कीड त्यावर बसून राहत नाही, हिरवं शोधत निघते. आपल्याकडे लग्नाच्या कित्येक लॉन्सच्या कुंपणापलीकडे द्राक्षबाग असते. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, नेमकी तेव्हाच गोडी छाटणी (फळांसाठीची ऑक्टोबरच्या सुमाराची छाटणी) झालेली बाग कोवळ्या फुटीवर नाहीतर फुलोऱ्यात असते. त्या वेळी फुलकिडे शिरले की मण्यांवर ओरखडे पडतात आणि तो माल निर्यातीला चालत नाही.

म्हणून खोकं पॉलिहाऊस आणि ग्रेडिंग शेडपासून लांब, बंद खोलीत उघडा. प्रत्येक जुडीतल्या दोन-तीन काड्या पांढऱ्या कागदावर पाच-सहा वेळा आपटा. दहापट भिंगाने पानाची खालची बाजू आणि देठाची बेचकी बघा. मिलीबग (पिठ्या ढेकूण) तिथेच दडतो. काही हललं तर अख्खी जुडी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड आवळा. मांडवातून उतरवलेला पालाही त्याच रात्री पिशवीत गेला पाहिजे, बांधावर किंवा गोदाकाठी नाही. बंद पिशवी आठ-दहा दिवस कडक उन्हात ठेवून मग खोल पुरा. आणि उरलेली ड्रॅसिनाची काडी कितीही टवटवीत दिसली, तरी कुंडीत खोचू नका.