कंटाळ्याला आल्या पावली परत पाठवू नका

जानेवारीत अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गव्हाला पाणी द्यायचं काम माझ्याकडे आलं. बार्शी तालुक्यातलं आमचं गाव. त्या आठवड्यात थ्री फेज लाइट रात्रीची होती, दहाला येणार आणि पहाटे सहाला जाणार. मी पुण्यात पाकिटांची, डब्यांची डिझाइन्स करतो. दारं धरायची सवय मोडून वीस-बावीस वर्षं झालेली.

ज्यांना दारं धरणं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोटरीचं पाणी पाटानं येतं. खोऱ्यानं माती ओढून एका वाफ्याचं तोंड उघडायचं, तो भरला की मातीनंच ते बंद करायचं आणि पुढच्याचं उघडायचं, याला मोडणं म्हणतात. एक वाफा भरायला दहा-बारा मिनिटं. तेवढ्या वेळात तुम्हाला काहीही काम नसतं. पण लांब जाता येत नाही आणि डोळाही लावता येत नाही, कारण पाट फुटला तर पाणी शेजारच्यांच्या हरभऱ्यात. असे वाफ्यामागून वाफे, रात्रभर. खिशात मोबाइल होता, पण विहिरीच्या त्या अंगाला रेंज नाही, आणि पायाखाली काय आहे ते बघायला टॉर्च लागणार म्हणून बॅटरी राखायची होती.

पहिल्या तासात मी दहा-पंधरा वेळा तरी फोन बाहेर काढला असेल. रेंज नाही हे माहीत असून. हात आपोआप खिशाकडे जायचा. अंगावर घोंगडी, समोर अंधार, आणि आत नुसती चिडचिड. किती वाजले? पावणेअकरा. मग बराच वेळ गेला असं वाटल्यावर परत बघावं, तर दहा वाजून त्रेपन्न मिनिटं. खरं सांगतो, थंडीपेक्षा ते जास्त बोचत होतं.

त्यानंतरचा टप्पा आणखी वाईट. मनात कुठं कुठं दडपून ठेवलेलं सगळं वर यायला लागलं. एका ग्राहकाकडे अडकलेले पैसे. दिवाळीत धाकट्या भावाला फोनवर मी जे बोललो ते, आणि त्यावर तो काहीच बोलला नाही ते. नेहमी असं काही वर आलं की मी फोन उघडतो आणि ते खाली जातं. तिथं खाली ढकलायला काही साधनच नव्हतं. त्यामुळे भावाशी झालेलं ते बोलणं मी पूर्ण, पहिल्यापासून शेवटपर्यंत आठवलं. आणि चूक माझी होती.

मग कधीतरी, दोन वाजून गेले असतील, मला पाणी ऐकू यायला लागलं. म्हणजे आवाज आधीही होताच, माझं लक्ष नव्हतं. वाफा रिकामा असतो तेव्हा पाणी तोंडाशी खळखळतं. भरत आला की तो आवाज खाली खाली जातो. काठोकाठ झाला की पाणी गप्प होतं. लहानपणी अण्णा टॉर्च न लावता, बांधावर बसल्या बसल्या म्हणायचे, "झालं, मोड आता," आणि जाऊन बघावं तर वाफा भरलेला. मला ती जादू वाटायची. त्या रात्री मी तीन-चार वाफे नुसत्या कानावर मोडले. त्याचा जो आनंद झाला तो किती दिवसांत कशाचा झाला नव्हता. चिडचिड कधी गेली ते कळलंही नाही.

सकाळी घरी येऊन मी दोन गोष्टी केल्या. भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरच्या पानामागे सहा ओळी लिहिल्या, कॉलेज सुटल्यापासून पहिल्यांदाच. आणि भावाला फोन केला.

तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आपल्या भाषेत कंटाळा येतो आणि कंटाळा आपण करतोही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "अभ्यासाचा कंटाळा करू नकोस" म्हणजे टाळाटाळ करू नकोस. पण कंटाळा येतो तो झोप येते, ताप येतो, पाहुणा येतो तसा. त्यात आपला दोष नाही. आपण मात्र दोन्हींची गल्लत केली, आणि कंटाळा आला असं म्हणणारा माणूस आळशीच असणार असं धरून चाललो. तिसरा शब्द "करमत नाही". त्याच्याच कुळातला शब्द करमणूक. आणि आज करमणूक एवढी झाली आहे, खिशात मावते एवढी, की न करमायची वेळच येत नाही. सिग्नलला नव्वद सेकंद थांबलो तरी फोन. लिफ्टमध्ये फोन. गॅसवर दूध ठेवून फोन, आणि दूध उतू. कंटाळा दारात येऊन उभा राहतो आणि आपण त्याला चहा न विचारता वाटेला लावतो. माझं म्हणणं एवढंच आहे की त्याला अर्धा तास बसू द्या. पहिली वीस मिनिटं तो त्रास देतो. जे द्यायचं असतं ते त्यानंतर देतो.

हा त्रास किती खरा आहे यावर एक प्रयोग झालेला आहे. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना एका खोलीत 15 मिनिटं एकटं बसवलं. फोन नाही, पुस्तक नाही, फक्त स्वतःचे विचार. समोर एक बटण, दाबलं की विजेचा झटका. हा झटका या लोकांनी आधी घेऊन पाहिलेला होता, आणि तो पुन्हा बसू नये म्हणून आपण पैसेसुद्धा मोजू असं ते म्हणाले होते. तरीही 18 पुरुषांपैकी 12 जणांनी आणि 24 बायकांपैकी 6 जणींनी त्या 15 मिनिटांत स्वतःहून बटण दाबलं. 2014 साली 'सायन्स' या नियतकालिकात हे छापून आलं. मी ते वाचलं तेव्हा हसू आलं नाही. बांधावरचा माझा पहिला तास आठवला. बटण असतं तर मीही दाबलं असतं.

त्याच वर्षी इंग्लंडमधल्या सँडी मान आणि रेबेका कॅडमन यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी लोकांना टेलिफोन डिरेक्टरीतले नंबर उतरवून काढायला लावले, आणि मग विचारलं, या दोन कपांचे किती उपयोग सुचतात? ज्यांना थेट प्रश्न विचारला त्यांच्यापेक्षा नंबर उतरवून कंटाळलेल्यांना जास्त सुचलं. मला खरी गंमत पुढच्या भागात वाटते. काहींना नंबर लिहायलाही लावलं नाही, नुसते वाचायला लावले. ते जास्त कंटाळवाणं. आणि त्यांच्या कल्पना लिहिणाऱ्यांपेक्षा सरस निघाल्या. लिहिताना हात आणि लक्ष थोडं तरी अडकतं, नुसतं वाचताना मन सुटतं. प्रयोग लहान आहेत, यावरून जगाचा नियम मी काढणार नाही. पण आपण गप्प बसलो म्हणजे मेंदू बंद पडला असं नसतं, हे अमेरिकेतले मेंदूचे अभ्यासक मार्कस रायकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली दाखवलं होतं. समोर काम नसताना मेंदूतला काही भाग उलट जास्त जागा असतो. आठवणी, पुढचे बेत, इतरांच्या मनात काय असेल, हे तेव्हा चालू असतं. भावाशी झालेलं माझं बोलणं त्यातच वर आलं असणार.

पण आपल्याला याचा पुरावा शोधायला इंग्लंड-अमेरिकेला जायची गरज नाही. आमची आज्जी पहाटे चारला जात्यावर बसायची. जात्यासारखं एकसुरी काम दुसरं नसेल. तोच खुंटा, तोच घास, तोच घरघराट. त्या घरघराटात बायांनी ओव्या रचल्या. लिहायला-वाचायला न येणाऱ्या बायांनी. हेमा राइरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून गोळा केलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर जाते, आणि त्यांतल्या पुष्कळ आता 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर बायांच्या आवाजात ऐकता येतात. जरूर ऐका. सासर, माहेर, सीता, विठ्ठल, भाऊ, दुष्काळ, सगळं आहे त्यात. आज्जी माझं नाव ओवीत गुंफायची आणि त्याच्याच मागच्या ओवीत शेजारच्यांच्या मारक्या बैलाचंही. मी जात्याचं कौतुक करत नाहीये. ते कष्ट होते, त्यानं आज्जीचे खांदे गेले, आणि गावात पिठाची गिरणी आली तेव्हा ती पेढे वाटण्याइतकी खूश झाली होती. पण हात गुंतलेले आणि मन मोकळं, अशी ती वेळ होती, आणि तिथंच त्या बायांना स्वतःचं असं काही बोलता आलं. जातं गेलं ते बरंच झालं. ती मोकळी वेळ मात्र आपण जात्याबरोबर माळ्यावर टाकून दिली.

इथं एक गोष्ट काळजीनं सांगायची आहे. ज्या पोराला तीन वर्षं नोकरी नाही आणि जो दिवसभर पारावर बसतो, त्याला "कंटाळ्याचा आनंद घे" म्हणणं क्रूरपणा आहे. त्याला काम हवंय. आणि ज्याला कशातच रस वाटत नाही, जगणंच नको वाटतं, त्याला नुसता कंटाळा आलेला नसतो. त्याला एकटं बसवू नका, डॉक्टरांकडे घेऊन जा. मी बोलतोय ते आपल्यासारख्यांबद्दल, ज्यांच्याकडे कामही आहे आणि कामाच्या मधल्या फटीही आहेत, आणि त्या फटी आपण बुजवून टाकतोय.

मुलांच्या तर आपण पहिल्याच दिवसापासून बुजवतोय. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. "बाबा, बोअर होतंय" म्हणाली की मी टॅब द्यायचो, कारण मला काम असायचं. गावाहून आल्यावर द्यायचा बंद केला. पहिल्या रविवारी ती रडली. "मग मी काय करू?" हे तिनं किती वेळा विचारलं असेल. मी म्हटलं, मला नाही माहीत. बायको माझ्याकडे बघत होती, मलाही वाईट वाटत होतं. तासाभरानं बाल्कनीतून आवाज आला. पोरीनं कपड्यांचे सगळे चिमटे काढून ओळीनं लावले होते. लाल चिमटे लालपरी, निळे चिमटे दुसऱ्या गाड्या, आणि जेवणाचं ताट हे बार्शीचं स्टँड. नाकातून आवाज काढून ती सांगत होती, "बार्शीहून पुण्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे, वाहकांनी ताबडतोब नोंद करावी." एका चिमट्याची स्प्रिंग निघाली होती. ती गाडी पंक्चर. तिच्यातले प्रवासी दुसऱ्या गाडीत बसवायचे होते, आणि एक म्हातारी उतरायलाच तयार नव्हती. त्या म्हातारीची समजूत काढण्यात पोरीचा पाऊण तास गेला. मी दारामागे उभा राहून ऐकत होतो.

मीही थोडं बदललोय. फार नाही. एसटीत खिडकी मिळाली तर टेंभुर्णीपर्यंत फोन काढत नाही. दूध तापताना दुधाकडे बघतो. रात्री जेवणानंतर बाल्कनीत खुर्ची टाकून बसतो आणि कुणी "काय करताय?" विचारलं तर "काही नाही" म्हणतो. सुरुवातीला हे म्हणताना अवघडल्यासारखं व्हायचं. अजूनही कधी कधी वीस मिनिटं नुसती तळमळ होते आणि हाती काहीच लागत नाही. तेही चालतं.

गव्हाचं शेवटचं पाणी राहिलंय. परवा गावाला निघतोय, लाइट या आठवड्यातही रात्रीचीच आहे. अण्णा आता काठी घेऊन बांधापर्यंत येतात, ते म्हणालेत खुर्ची टाकून बसतो सोबतीला. पोरगी यायचं म्हणतेय. थंडी सरली असली तरी पहाटे गार पडतं, म्हणून कानटोपी घे म्हटलंय. तिनं ती घेतली आणि तिच्यात सगळे चिमटे भरून ठेवलेत.