‘इको नॉर्मल आला, गोळ्या बंद करा’ म्हणणाऱ्यांना

हृदयाच्या पेशंटांसाठी म्हणून एक लांबलचक मेसेज सध्या आमच्या नात्यातल्या आणि गल्लीतल्या ग्रुपांवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: टू-डी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, लहरींनी हृदय कमकुवत होतं, म्हणून तर सरकारला सोनोग्राफीवर कायदा करावा लागला. रिपोर्टमध्ये पंपिंग ५५ टक्के आलं तर ४५ टक्के हृदय मेलेलं असतं. इको नॉर्मल असेल तर ब्लॉकेज नाही. हृदयाच्या गोळ्या म्हणजे गरिबांना उंदीर समजून केलेले प्रयोग. आणि शेवटी ठळक अक्षरांत: इको नॉर्मल आला की सगळ्या गोळ्या बंद करून अर्जुनसालीचा काढा सुरू करा.

हा मेसेज सोलापुरात साखर पेठेत राहणाऱ्या माझ्या आत्यापर्यंत पोचला. हृदयाचा स्नायू कमजोर होऊन हृदय मोठं झाल्याचं तिचं निदान आहे. पंपिंग एकेकाळी ३० टक्क्यांवर गेलं होतं, ते औषधांनी ५५ वर आलं. तिने गोळ्या बंद केल्या आणि घरात कोणाला सांगितलंही नाही. पायांवर सूज दिसली, जिना चढताना दम लागायला लागला, तेव्हा कळलं. विचारलं तर म्हणाली, ‘नॉर्मल आलंय की आता, उगं कशाला गोळ्या खायच्या?’ मला राग आला, तो आत्याचा नाही.

शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण माणसाचा जीव त्याच सल्ल्याने जाईल. पंपिंग नॉर्मल झाल्यावर गोळ्या थांबवल्या तर काय होतं, हा अंदाज बांधायचा विषयच राहिलेला नाही. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी नेमकं हेच तपासलं. आत्यासारखाच आजार असलेले, पंपिंग ४० च्या खालून ५० च्या वर आलेले आणि कसलाही त्रास न उरलेले ५१ पेशंट त्यांनी घेतले. २५ जणांच्या गोळ्या टप्प्याटप्प्याने बंद केल्या, २६ जणांच्या चालू ठेवल्या. सहा महिन्यांत गोळ्या बंद केलेल्यांपैकी ११ जणांचा आजार परतला. चालू ठेवलेल्यांपैकी एकाचाही नाही. पुढे या दुसऱ्या गटातल्यांच्याही गोळ्या बंद करून पाहिल्या, तेव्हा त्यांच्यातल्याही ९ जणांचा आजार उलटला. ट्रेड-एचएफ नावाचा हा अभ्यास २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तिथे डॉक्टर वरचेवर तपासत होते, जरा बिघडलं की औषध परत सुरू करत होते. साखर पेठेत आत्या एकटीच काढा उकळत होती. माग नीट चालतोय म्हणून कोणी त्याची वीज तोडत नाही. तिचा ५५ चा आकडा त्या गोळ्यांमुळेच आलेला होता.

आता ‘४५ टक्के हृदय मेलं’. हे वाचून किती जणांची झोप उडाली असेल! रिपोर्टवर ‘ईएफ’ म्हणून जो पंपिंगचा आकडा असतो, तो हृदय किती टक्के जिवंत आहे हे सांगत नाही. डावा कप्पा पूर्ण भरला की त्यात साधारण १२० मिलिलीटर रक्त असतं. एका ठोक्याला त्यातलं ७० च्या आसपास बाहेर जातं, उरलेलं आतच राहतं. झाले साठ टक्के. शंभर टक्के रक्त बाहेर फेकणारं हृदय या पृथ्वीवर कोणाचंच नाही. इकोच्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत बायकांसाठी ५४ ते ७४ आणि पुरुषांसाठी ५२ ते ७२ हे नॉर्मल धरलंय. ज्याने हे लिहिलं त्याने आपलाच मेसेज वाचलेला नाही: एका ओळीत ५५ म्हणजे अर्धं हृदय मेलेलं, आणि खाली तेच नॉर्मल, म्हणून गोळ्या बंद!

कायद्याचा मुद्दा तर संतापजनक आहे. इकोच्या खोलीबाहेरही ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ अशी पाटी असते. तो कायदा पोटातल्या मुली वाचवण्यासाठी आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राने १९९४ मध्ये. लहरींच्या धोक्याशी त्याचा संबंध नाही. इकोत क्ष-किरण नसतात, आवाजाच्याच लहरी असतात, आपल्या कानाला ऐकू न येणाऱ्या. स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी १९५३ साली हृदयावर हे तंत्र पहिल्यांदा वापरलं. तेव्हापासून त्याने हृदय कमकुवत होतं असं आढळलेलं नाही.

ब्लॉकेजबद्दल एवढंच, की साध्या इकोत रक्तवाहिन्यांतला अडथळा दिसत नाही. स्नायूचा एखादा भाग नीट हलत नसेल तर संशय येतो. छातीत दुखत असेल तर ‘इको नॉर्मल आहे’ म्हणून घरी बसू नका.

प्रयोगांच्या आरोपात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. आपल्याकडे औषधांच्या चाचण्यांत गरिबांवर अन्याय झाल्याच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या, आणि २०१३ मध्ये न्यायालयाने सरकारला खडसावलं. २०१९ च्या नव्या नियमांत लेखी संमती, नैतिकता समितीची परवानगी आणि इजा झाल्यास भरपाई हे सगळं आहे. ते पाळलं जातं का, हे विचारत राहिलंच पाहिजे. पण लंडनच्या त्या ५१ जणांनी समजून-उमजून धोका पत्करला, म्हणून आज आत्याला काय सांगायचं ते आपल्याला ठाऊक आहे. त्यांना उंदीर म्हणणं मला सहन होत नाही.

अर्जुनसालीचीही चाचणी झालीय, आपल्याच देशात, दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांकडून. नेहमीच्या गोळ्या चालू ठेवून वर अर्जुन दिला, तरी पंपिंगचा आकडा वाढला नाही.

गोळ्यांनी चक्कर येते, हेही मेसेजमध्ये आहे आणि ते खरं असू शकतं. मे महिन्यातल्या सोलापूरच्या उन्हात लघवीची गोळी घेणाऱ्याचा बीपी उतरू शकतो. मग डॉक्टरांना सांगून डोस बदलून घ्यायचा.

तुमच्या घरात कोणी हा मेसेज वाचून गोळ्या सोडल्या असतील, तर जुने इको रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं घेऊन आजच डॉक्टरांकडे जा. कोणती गोळी कधीपासून बंद आहे ते लपवू नका. घाबरून जुना पूर्ण डोस एकदम स्वतःच सुरू करू नका. खंड पडल्यावर काही गोळ्या कमी डोसपासून पुन्हा चढवाव्या लागतात. दम आडवं झोपल्यावर वाढत असेल, तर सकाळची वाट न बघता रात्रीच न्या.